पंखा थांबल्यावर

ओताकार शेबेलाला नाटकगृहात पाऊल ठेवायला बंदी होती, म्हणून तो नाटकगृहाच्या खाली कामाला होता.

गावात कुणालाच यात काही वावगे वाटत नव्हते. बंदीच्या हुकमात ‘नाटकगृह’ असा शब्द होता आणि तळघरातली भट्टी नाटकगृहाच्या मालकीची नव्हती. ती नगरसेवा खात्याची होती, तिचे दार मागच्या गल्लीत उघडत होते आणि त्या दारावर वेगळ्या क्रमांकाची पाटी होती. शेबेलावर लक्ष ठेवायचे काम पोलीस खात्यातल्या कॅप्टन व्हर्झालकडे होते. तो स्वतः येऊन ती पाटी बघून गेला होता.

“आतून वर जायला जिना दिसतोय,” तो म्हणाला होता.

“आहे. पण वरच्या दाराला कुलूप असतं. पलीकडून.”

“मग हरकत नाही. तुम्ही नाटकगृहात नाही, शेबेला. नाटकगृह तुमच्या डोक्यावर आहे. त्याला मी काय करणार?”

शेबेला पूर्वी प्रागमधला नाव असलेला नाटककार होता. १९६८ साली रशियन रणगाडे आल्यानंतर सगळ्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा त्यालाही एका टेबलासमोर बसवले आणि त्यांचे येणे आपल्याला मान्य आहे असे लिहून द्यायला सांगितले. त्याने लिहून दिले : रणगाडे आले हे मला मान्य आहे, मी ते स्वतः पाहिले. टेबलापलीकडची बाई ते वाचून हसली, मग आपण हसलो म्हणून घाबरली, आणि पुढचे सगळे तिच्या त्या घाबरण्यातून आले. नाटके उतरली. पुस्तके वाचनालयांतून गेली. मग घरही गेले, आणि तो बायकोच्या, द्राहाच्या, माहेरच्या या नदीकाठच्या गावात येऊन राहिला. द्राहा लाँड्रीत लागली, तो भट्टीवर.

भट्टीची गरम हवा एक मोठा पंखा पत्र्याच्या बोगद्यातून वर ढकलत असे, आणि ती प्रेक्षागृहात खुर्च्यांखालच्या जाळ्यांतून बाहेर पडे. पंखा चालू असला की तळघरात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. पण तो थांबला की त्या बोगद्याचाच कान होई. वर एखाद्या नटाने श्वास घेतला तरी खाली कळे, आणि खालचे वर. पूर्वीच्या भट्टीवाल्याने एकदा पंखा थांबवून फावडे स्वतःच्या पायावर पाडून घेतले होते. त्या वेळी रंगमंचावर राजकन्या मरत होती, आणि तिसऱ्या रांगेला ज्या शिव्या ऐकू आल्या त्या गावात अजून प्रेमाने सांगितल्या जात. तेव्हापासून भिंतीवर सूचना होती : कार्यक्रम चालू असताना पंखा थांबवू नये.

त्यामुळे शेबेला इतकी वर्षे रंगमंचाच्या बरोबर खाली बसून बहिरा होता.

घरी तो लिहीतच होता. द्राहा पातळ कागदांमध्ये कार्बन घालून टाइप करी. सहावी प्रत वाचायला खिडकीशी धरावी लागे. तिच्याच म्हणण्याप्रमाणे सहाव्या प्रतीला पोचेपर्यंत विनोद मरतो आणि फक्त बोटे दुखतात. प्रती मित्रांमध्ये फिरत आणि कडांना चरबीचे डाग घेऊन परत येत. म्हणजे वाचक होते. पण नाटक वाचून हसणारा माणूस एकटाच हसतो, आणि एकट्याच्या हसण्यावर शेबेलाचा विश्वास नव्हता. त्याला भरलेल्या अंधाराचे हसणे हवे होते. ते नसले तर आपण नाटककार आहोत की टाइप करणाऱ्या बाईचा नवरा, हे त्याला सांगता येत नव्हते.

त्याच्या नव्या नाटकाचे नाव ‘खिडकी’. एका इमारतीत ऑगस्टच्या उकाड्यात जिन्यावरची खिडकी उघडत नाही. रहिवासी जमतात, समिती नेमतात, समितीवर देखरेख करायला दुसरी समिती नेमतात, घामाने निथळतात, दुरुस्तीवाल्याची वाट बघतात. त्या खिडकीखाली पहिल्यापासून एक म्हातारी बटाटे सोलत बसलेली असते. शेवटच्या अंकात ती मान वर करून म्हणते, “उघडायची कशाला? काच तर गेल्या वर्षीच फुटलीय.”

यानंतर शेबेलाने कंसात लिहिले होते : शांतता. मग जे हसू येईल ते त्याला ऐकायचे होते. आधी ती शांतता, मग ते हसू. बाकी आयुष्याकडे त्याचे फारसे मागणे उरले नव्हते.

ज्याला बंदी त्याने लिहायचे आणि ज्याला बंदी नाही त्याने सही करायची, ही तेव्हाची रीत होती. त्या वर्षी नाटकगृहाला वरून हुकूम आला की एक नवे नाटक कष्टकऱ्याच्या लेखणीतून आलेले हवे. शेबेलाचा शाळेतला दोस्त आलोइस कुद्रना सहकारी शेतीवर गुरांचा डॉक्टर होता. वर्षातला बराच काळ त्याचा हात खांद्यापर्यंत गाईत असे. याहून कष्टकरी लेखक जिल्ह्यात मिळाला नसता.

“मी सही करतो,” कुद्रना म्हणाला. “मला कोण विचारतंय? गाई काही वाचत नाहीत.”

नाटक स्वीकारले गेले. खरा लेखक कोण हे संचालकांना माहीत होते, नटांना माहीत होते, व्हर्झाललाही बहुधा माहीत होते. पण माहीत असणे आणि कागदावर असणे यांत त्या काळी चांगले रुंद अंतर होते, आणि सगळा देश त्या अंतरात राहत होता.

तालमी सुरू झाल्या. कुद्रना लेखक म्हणून तालमीला बसे आणि नंतर गल्लीतल्या दाराने खाली येऊन बातमी देई. शेबेला फावडे टेकून उभा राही.

“कसं चाललंय?”

“तब्येत चांगली आहे. पहिला अंक चरतोय. दुसऱ्यात जरा पोट फुगलंय.”

“आलोइस, गाईचं नको सांगूस. हसले का?”

“कोण?”

“नट! मेकअपवाली! कुणीही!”

“मेकअपवालीला दाढदुखी आहे,” कुद्रना म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. “आणि म्हातारीच्या वाक्यात मी थोडं घातलंय.”

शेबेलाने फावडे खाली ठेवले. “काय घातलंयस?”

“गारा. ‘काच तर गेल्या वर्षीच गारांनी फुटलीय.’ नाटकं तपासणाऱ्या समितीचा माणूस आला होता. विचारतो, काच बसवली का नाही? काच कारखान्यात तुटवडा आहे असं लेखकाला सुचवायचंय का? मी काय सांगणार? मी म्हटलं, गारा. निसर्गावर कुणाचा आक्षेप नसतो.”

“अरे, पण वाक्य मेलं ना! गारांनी म्हटल्यावर ती म्हातारी हवामान खातं वाटते!”

“मग तू ये वर आणि सांग त्यांना,” कुद्रना म्हणाला, आणि शेबेलाने फावडे पुन्हा उचलले.

कुद्रनात बदल होत होता. त्याने कुठूनतरी एक मफलर मिळवला होता आणि तो गळ्याभोवती न गुंडाळता नुसता लोंबत ठेवी. खाटीक आता त्याच्यासाठी काउंटरखालून डुकराची जीभ काढून देई. शाळेतल्या मुलींनी त्याला विचारले, तुम्हाला कल्पना कुठे सुचतात? तो बराच विचार करून म्हणाला, “गोठ्यात.” ते जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आले. द्राहाने ते मोठ्याने वाचले.

“बघ,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुला कुणी विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस आणि पुन्हा घर गेलं असतं.”

प्रयोग जानेवारीच्या शेवटी ठरला होता. पण वर्षअखेरीच्या दिवशी, पाऊस पडत असतानाच, अचानक असा गारठा कोसळला की ओली झाडे उभ्या उभ्या काचेची झाली. कोळशाच्या वाघिणी रुळांवर गोठल्या. शाळा बंद झाल्या, दुकाने लवकर मिटू लागली. ‘खिडकी’चा प्रयोग मात्र वर्षाच्या सरकारी योजनेत होता, आणि योजना काही गोठत नाही. भट्टीसाठी जो कोळसा आला तो खरे तर काळा बर्फ होता. शेबेला तो पहारीने फोडी, भट्टीत टाकी, आणि भट्टी आधी त्याचे पाणी करत बसे.

तरीही त्याने एक बेत केला. चांगले तुकडे तो बाजूला साठवत गेला. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून भट्टी लालबुंद करायची, प्रेक्षागृह इतके तापवायचे की शेवटचा अंक साठलेल्या उबेवर निघेल, आणि त्या अंकापुरता पंखा बंद ठेवायचा.

“आणि नाही तापलं तर?” द्राहाने विचारले. ती वर प्रयोगाला जाणार नव्हती. जे नाटक मी सहा सहा वेळा टाइप केलंय त्याला तिकीट कसलं काढायचं, असे तिचे म्हणणे होते.

“तापेल.”

“लोकांना गारठवून हसवणार तू.”

“एकच अंक, द्राहा. एकच वाक्य.”

तिने त्याच्या डब्यात डुकराच्या चरबीचा पाव जास्तीचा घातला.

प्रेक्षागृह तापले नाही. दुसऱ्या अंकापर्यंत जेमतेम कोमट झाले, आणि बाजूला ठेवलेला कोळसाही संपला. वर किती गार आहे हे शेबेलाला खालून कळायला मार्ग नव्हता. त्याला फक्त भट्टी दिसत होती, आणि आपल्याला जे हवे असते त्याच्याजवळ उभे राहिलेल्या माणसाला जग नेहमीच गरम वाटते. शेवटच्या अंकाची घंटा भिंतीतून जाणवली. त्याने भिंतीवरच्या सूचनेकडे पाठ केली आणि पंखा बंद केला.

आधी काहीच ऐकू आले नाही. मग बोगद्यातून एक बाई स्पष्ट म्हणाली, “बाई गं, काय हा उकाडा! जीव जातोय!”

आणि लोक हसले.

शेबेला दचकला. तिथे हसू नव्हते. ते साधे वाक्य होते, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यासारखे. “कॉलर सैल करा हो,” कुणीतरी म्हणाले, आणि हसू दुप्पट झाले. “थर्मामीटर बिघडलाय, मंडळी! उकाडा नाहीच!” नाटकातल्या इमारतीचा रखवालदार ओरडला, आणि वर जणू छत खाली आले. लोक पाय आपटत होते. शेबेला जाळीला कान लावून उभा होता आणि त्याला काही म्हणजे काही समजत नव्हते. त्याला वाटले, कुद्रनाने सगळे नाटकच बदलले.

वर जे चालले होते ते त्याला नंतर कळले. नट बिनबाह्यांच्या कपड्यांत वारा घेत होते आणि त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. म्हातारीचे काम करणाऱ्या होलुबोवाबाईंचे ओठ निळे पडले होते. समोर लोक कोटात, टोप्यांत, काही जण घरून आणलेल्या घोंगड्यांत बसले होते. पहिल्या रांगेत पक्षाचे जिल्हा सचिव फरची टोपी कानांवर ओढून होते, आणि रंगमंचावरून सगळे त्यांना बजावत होते की गरम होते आहे. लोकांना दहा वर्षे असेच बजावले जात होते. आज पहिल्यांदाच ते तिकीट काढून बघायला मिळाले.

म्हातारी काहीतरी बोलली. काय, ते हसण्यात बुडून गेले. शांतता नव्हतीच. शेबेलाच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे हसू त्याच्या डोक्यावरून वाहत गेले आणि त्यातला एक थेंबही त्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हर्झाल तळघरात आला. तो उलट्या बादलीवर बसला आणि हातमोजे काढून भट्टीपुढे हात शेकू लागला.

“पंखा का थांबला, शेबेला? थांबा, आधी ऐका. तुम्ही मुद्दाम थांबवला म्हणालात तर तो घातपात. मला प्रागला कळवावं लागेल. कोळसा वाईट होता म्हणालात तर ती खाणकामगारांची बदनामी. तेही प्रागला कळवावं लागेल. माझी बायको तापानं झोपलीय. मला प्रागला काही कळवायचं नाहीये.”

“मग मी काय म्हणू?”

“प्रेक्षागृह गरम होतं.”

“लोक कोट घालून बसले होते.”

“ज्याची त्याची आवड.”

“मग ते हसले कशाला?”

“हेच!” व्हर्झाल खुशीत म्हणाला. “प्रेक्षागृह गरम होतं, पंखा चालू होता, तरी लोक हसले. म्हणजे दोष नाटकात आहे. म्हणजे लेखकात. कॉम्रेड कुद्रनानं आमची निराशा केली.”

हे शेबेलाच्या ध्यानीमनी नव्हते. “कॅप्टन, ते नाटक माझं आहे. मी लिहिलंय.”

व्हर्झालने त्याच्याकडे दयेने पाहिले. “तुम्हाला लिहायला बंदी आहे, शेबेला.”

“हो.”

“मग तुम्ही लिहिलेलं नाही. दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगू नये माणसानं. तुमच्यासारख्याला तर मुळीच शोभत नाही.”

‘खिडकी’ उतरवले गेले. आलोइस कुद्रनाला नाटके लिहायला कायमची बंदी घालण्यात आली, आणि बंदी घातलेल्या लेखकाच्या हाती राष्ट्राची गुरे देता येत नसल्याने त्याला सहकारी शेतीवरून काढून नगरसेवा खात्याकडे पाठवण्यात आले. खात्यात एकच जागा रिकामी होती.

तो मफलर लोंबवत गल्लीतल्या दारातून आत आला.

“आलोइस, माझ्यामुळे…” शेबेलाने सुरुवात केली.

“फावडं कुठाय?” कुद्रना म्हणाला. “आणि तोंड असं करू नकोस. माझ्या बापाला सगळे गुरांचा डॉक्टर म्हणायचे, आज्याला पण. आमच्या घराण्यात बंदी कुणावर आली नव्हती. मी पहिलाच.”

गावाचा मात्र खोळंबा झाला. नवा डॉक्टर मिळेना. हळूहळू लोक गल्लीत येऊ लागले. कुणी पिशवीत ससा घेऊन, कुणी दोरीला बकरी बांधून. कुद्रना हात धुऊन बाहेर जाई, बकरीच्या तोंडात बघे आणि परत फावड्याला लागे. एका सकाळी व्हर्झालही आला. त्याच्या कोटाच्या आतून दोन कान बाहेर आले होते.

“खात नाहीये,” तो ओशाळून म्हणाला. “मुलीचा आहे.”

“मी बंदी घातलेला लेखक आहे,” कुद्रना म्हणाला.

“लेखनाचा संबंध नाही. दात बघा नुसते.”

मार्च उजाडला तरी बर्फ हटला नव्हता. आठ तारखेला खात्याचा निरोप आला की तीन वाजल्यापासून वर गरम ठेवा. कशासाठी, हे भट्टीवाल्यांना सांगायची पद्धत नव्हती. निरोप वाचून शेबेलाने फक्त कोळशाकडे पाहिले. महिला दिनाचा समारंभ दर वर्षी सांस्कृतिक भवनात होई. या वर्षी तिथले पाइप गारठ्याने फुटले होते, हे दोघांनाही माहीत नव्हते.

पंखा घोंघावत होता. कुद्रना कोळसा ओढता ओढता तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. शेबेलाने आधी दुर्लक्ष केले. मग त्याला कुद्रनाच्या ओठांवर एक ओळखीचे वाक्य दिसले.

“काय बोलतोयस?” तो ओरडला.

“काय?”

“काय बोलतोयस म्हटलं!”

कुद्रना त्याच्या कानाशी आला. “दुसऱ्या समितीचं भाषण! सगळं पाठ आहे मला. प्रत्येक तालमीला बसलोय, मग काय होणार? रात्रंदिवस डोक्यात चरत असतं.”

“म्हण.”

“या आवाजात? घसा जाईल.”

शेबेलाने पंख्याकडे पाहिले. वर आज नाटक नव्हते, म्हणजे खात्याला रिकाम्या खुर्च्याच तापवायच्या होत्या. निदान तळघरातून जग असेच दिसत होते. त्याने पंखा बंद केला.

कुद्रना भट्टीसमोर उभा राहिला. त्याला अभिनय येत नव्हता. पण जनावराला काय दुखते ते सांगता येत नाही, त्याच्या मालकाला भलतेच वाटत असते, आणि मध्ये डॉक्टरला दोघांचे ऐकावे लागते, याची त्याला सवय होती. त्याने सगळ्यांची वाक्ये म्हटली. समितीची ठाम आवाजात, रहिवाशांची दमलेल्या, रखवालदाराची व्हर्झालच्या आवाजात. ते इतके हुबेहूब होते की शेबेलाने एकदा दाराकडे बघून घेतले. काही वाक्ये त्याने गाळली होती आणि ती गाळल्याने बरी झाली होती. शेबेला बादलीवर बसला होता. काळ्या हातांनी त्याने गुडघे धरून ठेवले होते.

वर प्रेक्षागृहात लाँड्रीच्या, सूतगिरणीच्या आणि दुग्धशाळेच्या बायका कोट घालून, हातात एकेक लाल कार्नेशन घेऊन बसल्या होत्या. जिल्हा सचिव त्यांना अंड्यांचे उत्पादन सांगत होते. सचिवांनी पाण्याचा घोट घ्यायला कागद खाली ठेवला, नेमका त्याच क्षणी पंखा थांबला, आणि खुर्च्यांखालून एक पुरुषी आवाज म्हणाला की समितीच्या मते खिडकी तत्त्वतः उघडी आहे. सचिवांनी पेला तोंडाला तसाच धरून ठेवला. बायकांनी पाय आक्रसून खाली पाहिले.

तळघरात यातले काही पोचले नाही. श्वास रोखून बसलेल्या सभेचा आवाज होत नाही.

“आता म्हातारी,” कुद्रना म्हणाला. तो जमिनीवर बसला, कोळशाचा एक तुकडा बटाट्यासारखा हातात धरला, आणि मान वर केली. आवाज त्याने बदलला नाही.

“उघडायची कशाला? काच तर गेल्या वर्षीच फुटलीय.”

गारा नव्हत्या. विसरला की मुद्दाम सोडल्या, ते शेबेलाला विचारायचे होते. त्याने तोंड उघडले.

तेवढ्यात बोगद्यातून ती शांतता खाली आली. शांतता ऐकू येते हे तो विसरून गेला होता. तिला वजन होते, तिच्यात शेकडो माणसे होती, आणि ती त्याने कंसात लिहिली होती तितकीच लांब होती. मग वर, उजवीकडे मागच्या बाजूला, एक बाई हसली. उचकी लागल्यासारखे, मध्येच तुटणारे हसणे. ते त्याने सहाव्या प्रतीच्या फार पूर्वी, प्रागच्या घरात, सकाळच्या कॉफीवर ऐकले होते. द्राहा हसली होती. आणि तिच्यामागून सगळे प्रेक्षागृह.

ते फारच मोठे हसू होते. ते बरोबर तिथेच होते.

कुद्रना कोळसा हातात धरून वर बघत राहिला. “अरे देवा,” तो म्हणाला. “वर माणसं आहेत.”

जिन्याच्या टोकाला, पलीकडून, कुलपात किल्ली घुसली. ती चुकीची होती. दुसरी घुसली. दाराआडून व्हर्झाल कुणावर तरी खेकसत होता, आणि त्याच्याही आवाजात काहीतरी आवरल्यासारखे होते.

“पंखा लाव, ओता! लवकर!” कुद्रना कुजबुजला.

शेबेला उठला. पंख्याच्या बटणापाशी गेला. त्यावर हात ठेवला. वर हसू अजून पुरते ओसरले नव्हते, आणि नाटकात म्हातारीनंतर दोन वाक्ये शिल्लक होती.

त्याने हात काढून घेतला.

“थांबू नकोस,” तो म्हणाला. “पुढचं म्हण.”